परवान्यावरचे जगणे



ऑस्ट्रेलिया हा कष्टकऱ्याला मानाने जगू देणारा देश, असा त्या देशाचा लौकिक आहे आणि तो खोटा नाही. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली हत्यारे खाली ठेवून आठ तासांचा दिवस मिळवला. १९०७ साली तिथल्या लवाद न्यायालयाने 'हार्वेस्टर' खटल्यात असा निवाडा दिला की, कामगाराला कुटुंबासह सुसंस्कृत माणसासारखे राहता येईल एवढे वेतन दिलेच पाहिजे. मालकाला ते परवडते की नाही, हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे गिरण्यांचे भोंगे पहाटे वाजून दिवे लागेपर्यंत माणसे राबवून घेत होते, त्या काळातल्या या गोष्टी आहेत. म्हणून तिकडे निघालेल्या मुलाला निरोप देताना घरच्यांना काळजी वाटते ती त्याच्या जेवणाची आणि एकटेपणाची. कायद्याची काळजी कुणाला वाटत नाही. ती वाटायला हवी, असे सांगण्यासाठी हे विवेचन आहे.

परदेशात राहणाऱ्याच्या दुःखांची एक ठरलेली यादी असते. उच्चारांची थट्टा, भर नाताळात पडणारे कडक ऊन, दर आठवड्याला मोजावे लागणारे घरभाडे, आणि नोकरी मागायला गेले की नावावरून होणारी पारख. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर पुरावाच आहे. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी काल्पनिक उमेदवारांच्या नावांनी चार हजारांहून अधिक अर्ज मालकांकडे पाठवून पाहिले. शिक्षण तिथलेच, पात्रता सारखीच. नावे तेवढी निरनिराळी. इंग्रजी नावाच्या उमेदवाराइतकी बोलावणी येण्यासाठी चिनी नावाच्या उमेदवाराला ६८ टक्के अधिक अर्ज करावे लागले असते, असे त्यातून दिसले. हे दुःख लहान नाही. परंतु काळ जातो, ओळखी होतात आणि अशी दुःखे थोडी बोथट होतात. काळाबरोबर बोथट न होणारी गोष्ट एकच. परक्या माणसाचे तिथले राहणे परवान्यावर असते आणि त्या परवान्याची दोरी कायम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते: कधी सरकारच्या, कधी महाविद्यालयाच्या, बहुतेक वेळा मालकाच्या.

या दोरीचा इतिहास जुना आहे. क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांवर १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२ हजार मजूर आणले गेले. काही करारावर आले, काही फसवून आणले गेले, काही सरळ पळवून. ऊस उभा राहिला, साखरेचा धंदा जमला, आणि १९०१ साली नव्या संघराज्याच्या संसदेने याच मजुरांना परत पाठवण्याचा कायदा केला. त्याच वर्षी दुसरा कायदा झाला तो परकीयांना अडवण्याचा. त्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. बंदरावरच्या अधिकाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेतले ५० शब्दांचे श्रुतलेखन घालावे, एवढीच तरतूद होती. कोणती भाषा, ते अधिकारी ठरवी. १९०९ नंतर ही परीक्षा एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. १९३४ साली प्रागचे फॅसिस्टविरोधी लेखक एगॉन किश युद्धविरोधी परिषदेसाठी आले, तेव्हा सरकारला ते नको होते. त्यांना बोटीवरून उतरू देईनात, म्हणून त्यांनी मेलबर्नच्या धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. किशना अनेक युरोपीय भाषा येत होत्या. म्हणून त्यांना चक्क स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत परीक्षा घातली गेली. पुढे तिथल्या उच्च न्यायालयानेच गेलिक ही त्या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा ठरत नाही, असा निर्णय दिला.

ही परीक्षा १९५८ साली रद्द झाली आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९७३ साली पुरते मोडीत काढले. इथे एक कडू सत्य नोंदवायलाच हवे. हे धोरण उभे करण्यात मजूर पक्ष आणि कामगार संघटना आघाडीवर होत्या. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या संघटनेतून वाढलेल्या ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने आशियाई आणि बेटकरी मजुरांना आपल्या सभासदत्वाचे दार बंद ठेवले होते. परका मजूर स्वस्तात राबतो, म्हणून तो नको, असे त्यांचे म्हणणे. तो स्वस्तात का राबतो, हे विचारायला त्यांना पुढे फार वर्षे लागली. मुंबईत परप्रांतीयांच्या विरोधात उठलेल्या आरोळ्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा युक्तिवाद अनोळखी वाटणार नाही.

आता दार उघडे आहे. २०२१ च्या जनगणनेत देशाच्या २७.६ टक्के रहिवाशांचा जन्म परदेशातला होता, आणि त्यांत इंग्लंडच्या खालोखाल ६,७३,३५२ लोक भारतात जन्मलेले होते. पण वर्णावर चालणारी परीक्षा गेली, तरी अटींवर चालणारी परीक्षा तिच्या जागी आली.

विद्यार्थ्याचेच पाहा. परदेशी विद्यार्थी पूर्ण शुल्क भरतो. त्याच्या परवान्याच्या अर्जाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १,६०० डॉलर झाले आणि जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर. परवाना नाकारला तरी ते परत मिळत नाही. घरी शेत किंवा घर गहाण पडलेले असते. उचल घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात गेलेल्या ऊसतोड जोडप्याला हंगाम अर्ध्यावर सोडता येत नाही. कर्ज काढून सिडनीला गेलेल्या मुलालाही तो सोडता येत नाही. त्याला किती तास काम करता येईल, हे परवान्यात लिहिलेले असते. अनेक वर्षे ही मर्यादा आठवड्याला २० तास, पुढे पंधरवड्याला ४० तास अशी होती. जुलै २०२३ पासून ती पंधरवड्याला ४८ तास आहे. मुलाने अभ्यास करावा, हा उद्देश चांगलाच. परंतु चांगल्या उद्देशाचा कायदा गरजवंताच्या गळ्यात कसा अडकतो, ते २०१५ साली सगळ्या देशाने पाहिले.

सेव्हन-इलेव्हन या साखळीच्या दुकानांत रात्रपाळीला बहुतेक परदेशी विद्यार्थी असत. मालक त्यांना आठवड्याला ४० तास राबवी आणि कागदावर २० तास दाखवी. त्या २० तासांचा पगार कायदेशीर दराने, पावतीसह दिला जाई. म्हणजे प्रत्यक्षात मजुरी निम्मी. पण वही तपासायला आलेल्या निरीक्षकाला सारे चोख दिसे. मुलाने तक्रार केली तर? तक्रार करायची म्हणजे आपण २० तासांहून अधिक काम केले, हे आधी कबूल करायचे. म्हणजेच परवान्याची अट मोडल्याचा जबाब स्वतःच द्यायचा. मालकाला धमकीही मोठ्याने द्यावी लागत नसे. प्रकरण उघडकीला आल्यावर काही ठिकाणी दुसरी युक्ती निघाली: पगार पूर्ण द्यायचा आणि त्यातला हिस्सा मुलाकडून रोख परत घ्यायचा. थकलेल्या वेतनाच्या भरपाईपोटी कंपनीला पुढे १५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. यातली आणखी एक गोष्ट भारतीय श्रोत्यांपासून लपवू नये: ही दुकाने मक्त्याने चालवणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच दक्षिण आशियातून आलेले होते. लुटणारा आणि लुटला जाणारा एकाच विमानतळावरून आलेले असू शकतात.

२००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी वंशद्वेषाचा एकच सूर लावला. वंशद्वेष होताच. जानेवारी २०१० मध्ये कामावर निघालेल्या एका भारतीय तरुणाला शहराच्या पश्चिम भागातल्या उद्यानात भोसकून मारले गेले. परंतु मार कुणाला बसत होता, हेही पाहायला हवे. रात्री पेट्रोलपंपावर बसणारा, टॅक्सी चालवणारा, स्वस्त भाड्यासाठी दूरच्या वस्तीत राहणारा आणि शेवटच्या गाडीने एकटा परतणारा मुलगा रस्त्यावर सापडत होता. गाडीत मातृभाषेत मोठ्याने बोलू नये, असा सल्ला पोलिसांनी दिल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. ३१ मे २००९ रोजी हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी शहरातला प्रमुख चौक रात्रभर अडवून धरला, तो याच संतापाने. त्यांतली पुष्कळ मुले स्वयंपाक किंवा केशकर्तन शिकवणाऱ्या खाजगी महाविद्यालयांत होती. हे शिक्षण आणि ९०० तासांच्या कामाचा दाखला असला की कायम वास्तव्याची वाट उघडे, म्हणून कित्येक जण तो दाखला मिळवण्यासाठी उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत फुकट राबत. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने गरजेच्या व्यवसायांची ती यादीच रद्द केली. कर्ज तसेच राहिले.

ज्याला मालकाने पुरस्कृत करून नेले आहे, तो पगाराने बरा असतो. पण त्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली तर दुसरा पुरस्कर्ता शोधायला पूर्वी ६० दिवस मिळत. जुलै २०२४ पासून १८० दिवस मिळतात. ही सुधारणा खरीच आहे. पण मुलांची शाळा, घराचा करार, प्रसूतीची तारीख, हे सारे अशा दिवसांच्या मोजणीत बसवायचे असते. अशा माणसाला रजा नाकारली, बढती टाळली, तर तो मालकाशी कितपत भांडेल?

सरकारच्या हातातल्या दोरीचा अनुभव डॉ. मोहम्मद हनीफ यांनी घेतला. कर्नाटकातले हे डॉक्टर गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात काम करीत होते. नवजात मुलीला भेटायला निघालेले असताना २ जुलै २००७ रोजी ब्रिस्बेनच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. इंग्लंड सोडताना त्यांनी दूरध्वनीचे एक सिमकार्ड नातेवाइकाकडे ठेवले होते. ते ग्लासगोच्या हल्ल्यातल्या गाडीत सापडल्याचे सांगितले गेले. ते तिथे नव्हतेच. आरोप न ठेवता १२ दिवस कोठडी झाली. १६ जुलैला दंडाधिकाऱ्याने जामीन दिला आणि त्याच दिवशी मंत्र्याने चारित्र्याच्या कारणावरून त्यांचा परवाना रद्द केला. न्यायालय सोडते आणि कचेरी धरते, असा हा प्रकार. २७ जुलैला आरोप मागे घेतला गेला, पुढे न्यायालयाने परवान्याचा निर्णय रद्द ठरवला, चौकशी झाली, भरपाईही मिळाली. इतक्या झगझगीत प्रकाशात जे घडले ते दुरुस्त झाले, ही त्या देशातल्या वकिलांची आणि पत्रकारांची पुण्याई.

साथीच्या काळात सगळी झाकणे उघडली. सरकारने वेतनाला आधार देणाऱ्या योजना काढल्या, त्यांतून तात्पुरत्या परवान्यावरचे लोक वगळले. ३ एप्रिल २०२० रोजी पंतप्रधान मॉरिसन यांनी अशा लोकांना सांगितले की, स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर घरी परतावे. हे लोक कर भरत होते. परत जायला विमाने तरी कुठे होती! तशीही, तात्पुरता परवाना संपवून जाणाऱ्याला आपला निवृत्तिनिधी उचलताना साधारणपणे ३५ टक्के कर कापून दिला जातो; म्हातारपण तिथे काढू द्यायचे नाही आणि म्हातारपणाचा पैसाही पुरता न्यायचा नाही. मे २०२१ मध्ये तर भारतातून येणाऱ्यांवर अशी बंदी आली की, ती मोडणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकालाही पाच वर्षांपर्यंत तुरुंग किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकला असता. सुमारे नऊ हजार नागरिक आणि कायम रहिवासी तेव्हा भारतात अडकलेले होते. बंदी १५ मे रोजी उठली. नागरिकत्वाचा कागद हाती आल्यावरही परकेपणा कुठे दडून बसतो, हे त्या दोन आठवड्यांत अनेकांना कळले.

आणि आईवडील. पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांत आज हाच प्रश्न जेवणाच्या ताटावर असतो. तिथल्या कायद्याप्रमाणे आईवडिलांना कायमचे नेण्यासाठी एक अट अशी आहे की, त्यांची निम्मी तरी मुले ऑस्ट्रेलियात असावीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे अधिक असावीत. तीन भावंडांतली दोघे भारतात असली, की प्रश्न मिटला. अट पुरी झाली तर दोन रांगा आहेत. प्रत्येकी ४० हजार डॉलरहून अधिक भरणाऱ्यांची रांग दहा वर्षांहून मोठी आहे. पैसे नसणाऱ्यांची रांग ३० वर्षांच्या आसपास. पासष्टीला अर्ज करणाऱ्या आईला पंचाण्णवाव्या वर्षी उत्तर मिळेल! स्वतः सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२३ च्या अहवालात या व्यवस्थेला क्रूर म्हटले. वृद्धांच्या औषधोपचाराचा भार करदात्यांवर पडतो, हा सरकारचा हिशेब अगदीच खोटा नाही. पण त्यांनी वाढवलेला, शिकवलेला डॉक्टर किंवा अभियंता तिथे आयता मिळाला, तो भार कुणी उचलला होता, हे त्या हिशेबाच्या वहीत कुठेच मांडलेले नसते.

३१ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या मोठ्या शहरांत स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारपत्रकांत भारतीयांचे नाव घेतलेले होते. घरे महाग झाली, म्हणून परका नको, अशी ती मांडणी. ज्या आदिवासींची भूमी त्या शहरांखाली आहे, त्यांनी 'परका' हा शब्द कुणासाठी वापरावा, असा प्रश्न त्या मोर्चेकऱ्यांना पडलेला दिसत नाही.

उलट दिशेनेही काही हालचाल झाली आहे. परवान्याची भीती दाखवून कामगाराला राबवणे हा जुलै २०२४ पासून फौजदारी गुन्हा झाला आहे. त्याच्याही आधी, फळबागांत तोडणी करणाऱ्यांचा प्रश्न वेतन आयोगापुढे गेला होता. ही तोडणी बव्हंशी परदेशी तरुण आणि बेटांवरून आणलेले मजूर करतात. त्यांना तासावर मजुरी नसे. पेटीच्या हिशेबाने पैसे मिळत, आणि दिवसभर उन्हात राबूनही किमान वेतनाच्या जवळपास पोचता येत नसे. या मजुरांना ताशी किमान वेतनाची हमी मिळावी, असा अर्ज आयोगाकडे ज्या संघटनेने केला, ती ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन. हीच संघटना शंभर वर्षांपूर्वी अशा मजुरांना दारात उभी करीत नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयोगाने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि २८ एप्रिल २०२२ पासून तो अमलात आला. पेटीचा दर काहीही असो, त्या दिवसापासून प्रत्येक तोडणीवाल्याचे कामाचे तास मालकाला लिहून ठेवावे लागतात.