साक्षीदाराची झेरॉक्स

दोन वर्षांपूर्वी मी एका भाडेकराराला साक्षीदार म्हणून अंगठा दिला. त्याची ही हकिगत आहे.

मी डोंबिवलीत तीस वर्षे राहते. आमच्या ऑफिसातली, मला मावशी म्हणणारी एक मुलगी नवऱ्यापासून वेगळी झाली आणि ठाकुर्लीत वन रूम किचन शोधू लागली. एकट्या बाईला घर म्हटले की सोसायट्या कशा नाके मुरडतात, ते श्रोत्यांना सांगायला नको. अखेर एका ठिकाणी जमले. एजंटने एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतले आणि कागद मागितले. आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, ऑफिसचे ओळखपत्र. नवरा कुठे आहे, असे विचारून कोर्टातल्या अर्जाची प्रतही मागितली. सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. माझे आधार आणि पॅनही त्याच नंबरवर गेले. हे कशाला हवे, असे आम्ही दोघींनीही विचारले नाही. घर हातचे जाईल ही भीती!

यातले काही कागद खरोखरच लागतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन झाल्यापासून एजंटचा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, असे आदेशही ठाणे पोलीस आयुक्तालय वेळोवेळी काढते. भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर हे सगळे त्याच हद्दीत येते. पण नोंदणीला किंवा पोलिसांना कोर्टातला अर्ज लागत नाही. तो एजंटला हवा होता, एवढेच.

चार महिने बरे गेले. एका संध्याकाळी तिचा रडत फोन आला. नवरा इमारतीच्या गेटवर उभा होता. वॉचमनला तो फ्लॅट नंबरही सांगत होता. ती रात्र तिने माझ्याकडे काढली.

दुसऱ्या दिवशी मी एजंटच्या दुकानात गेले. माणूस लबाड नव्हता, हेच खरे दुखणे. तो म्हणाला, "मावशी, त्याचा फोन आला. नवरा आहे म्हणाला, तिचे आधार कार्डही पाठवले. मग नवऱ्याला नाही कसे म्हणू?" अर्ध्या मिनिटात पत्ता दिला होता. ती नवऱ्यापासून वेगळी राहते हे सांगणारा अर्ज त्याच्याच फोनमध्ये होता!

कोणी म्हणेल, नोंदलेल्या दस्तांची सूची तशीही कोणालाही पाहता येते. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्येच ती मुभा आहे. खरे आहे. पण सूची शोधायला बसावे लागते, आणि तीत पगाराची स्लिप किंवा कोर्टाचा कागद नसतो. एजंटकडे सगळे एका जागी असते. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती प्रकल्पांतल्या घरांच्या विक्रीसाठी. भाड्याची घरे दाखवणाऱ्याला एक शटर आणि दोन फोन पुरतात.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि माहिती साठवणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती ज्या कामासाठी घेतली ते संपले की ती पुसावी, हे त्यातले साधे तत्त्व आहे. ते मी त्या एजंटला माझ्या शब्दांत सांगितले.

त्याने वाद घातला नाही. आमचे कागद शोधायला तो फोनमधले फोटो सरकवू लागला आणि मी खुर्चीत बसून पाहत राहिले. कोणाचा पासपोर्ट, कोणाचा विवाहाचा दाखला, एका कॉलेजच्या मुलीचे आधार, तिच्या वडिलांचे पॅन. मग माझाच फोटो आला. त्याने तो पुसला. पुसलेले फोटो आणखी महिनाभर वेगळ्या कप्प्यात राहतात, हे त्याला ठाऊक नव्हते. तो कप्पाही मी रिकामा करायला लावला. लॅपटॉपचे विचारले तर म्हणाला, "ते मुलगा बघतो." मुलगा गावी गेला होता.

ती आता कल्याणला राहते. अकरा महिने पुरे होण्याआधी घर सोडले म्हणून डिपॉझिटमधले एक महिन्याचे भाडे गेले. नव्या कराराला पुन्हा मीच साक्षीदार. या वेळी आम्ही आधारची, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत नेली. ती आधारच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते. झेरॉक्सवर "फक्त भाडेकरारासाठी" असे लिहून तारीख घातली, सही केली. पूर्ण क्रमांक अंगठ्याच्या वेळी लागला, तो मी स्वतः टाइप केला. नवा एजंट कुरकुरला, "बाई, हे अर्धवट आहे, चालत नाही." आम्ही बसून राहिलो. त्याने चहा मागवला आणि कागद ठेवून घेतले.