शाबासकीचे मोल



आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या, दुकाने व लहान कारखाने सातारा-सांगली भागात आहेत. चांगला माणूस टिकत नाही, ही आपली नेहमीची तक्रार. परंतु तो टिकावा म्हणून पगाराखेरीज आपण त्याला काय देतो?

जवळच्या किर्लोस्करवाडीचे उदाहरण घ्यावे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगरांचा कारखाना बेळगावहून औंध संस्थानातील माळरानावर आणला. तुरुंगवास भोगलेल्या माणसांना त्यांनी तेथे रखवालीचे काम दिले. समाज ज्यांच्याकडे संशयाने पाही, त्यांच्याच हाती वसाहतीची राखण सोपविली. या विश्वासास वेगळा पैसा लागला नाही. लागले ते मालकाचे धैर्य.

आपणांसही हे साधेल. हळदीच्या वजनातील चूक वेळीच दाखविणाऱ्या हमालाचे चारचौघांत नाव घ्यावे व त्याने नेमके काय केले तेही सांगावे. खरेदी ठरविताना जुन्या मुनीमजींचा सल्ला घ्यावा. कामगाराच्या मुलीची परीक्षा असेल, त्या दिवशी त्याला न मागता सुटी द्यावी. दोष मात्र एकांतात सांगावा.

एक पथ्य आवश्यक आहे. शाबासकी ही वेतनाची जागा घेऊ शकत नाही. पगार थकवून केलेली स्तुती कामगाराला थट्टाच वाटते.

गुणवंतास पाहून मन प्रसन्न व्हावे, यास आपण प्रमोदभावना म्हणतो. ती मंदिराच्या पायरीवर न ठेवता पेढीवरही न्यावी, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!