पिल्लाचे तोंड पाहून मासा निवडा

श्रोतेहो, हिवतापाला आळा घालण्यासाठी हौदात आणि विहिरीत गप्पी मासे सोडतात, हे आपण पाहिलेच असेल. गप्पीची मादी जिवंत पिल्ले देते. पिल्लू जन्मल्याबरोबर पोहू लागते आणि आपले पोट आपण भरते. म्हणून शाळेतल्या काचेच्या पेटीत गप्पीची वीण वाढवणे मुलांनाही जमते. पण मासा समुद्रातला असला की सारा हिशेब बदलतो. खाऱ्या पाण्यातल्या माशांची पैदास घरी किंवा शाळेत करायची, तर पहिली जात कोणती घ्यावी, तेवढे आज सांगणार आहे.

पुष्कळ जण रंग पाहून मासा घेतात. निळा सर्जन मासा दिसायला मोठा देखणा. पण तो आपली अंडी खुल्या पाण्यात सोडून देतो. त्यातून निघणारे पिल्लू इतके बारीक, की त्याच्या तोंडात मावेल असे अन्न मिळवणेच अवघड. या माशाची पिल्ले पेटीत वाढवून मोठी करायला अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेलाही २०१६ साल उजाडावे लागले. मग आपली काय कथा! तेव्हा आईबापांचे रूप पाहू नका, पिल्लाचे तोंड पाहा.

या कसोटीला दोन जाती उतरतात. पहिला जोकर मासा, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला. याची सारी पिल्ले आधी नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून एक लहान, एक मोठा असे दोन कोवळे मासे एकत्र ठेवले की जोडी जमते. मात्र ती अंड्यावर यायला वर्ष-दीड वर्षही लागते, बरं का! पेटीत कौल किंवा कुंडीचा तुकडा ठेवावा; मादी त्यावर अंडी चिकटवते आणि बाप पंखांनी वारा घालून ती राखतो. सात-आठ दिवसांनी, अंधार पडल्यावर, पिल्ले बाहेर येतात.

दुसरा बांगाई मासा, इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा. याचा नर अंडी तोंडात घेऊन उबवतो आणि पिल्ले चांगली मोठी झाल्यावरच बाहेर सोडतो. ती वाढवणे जोकरापेक्षा सोपे. पण नर-मादी ओळखणे कठीण, आणि पिल्लेही थोडी. शिवाय समुद्रातली ही जात २००७ पासून जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा पेटीत जन्मलेलाच मासा घ्यावा.

आपल्याकडे सुरुवात जोकरापासून करावी, असे मी सुचवीन. तमिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे. पेटीत वाढलेला जोकर पेटीला आधीच सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी प्रवाळाच्या खडकावर कोणाला जाळे टाकावे लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. दावणीला जनावर बांधण्याआधी शेतकरी वैरण पाहतो. इथेही तसेच. जोकराचे पिल्लू पहिले काही दिवस फक्त रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खाते. ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शाएवढे असतात. रोटिफर जगतात हिरव्या सूक्ष्म शेवाळावर. म्हणून आधी शेवाळ, मग रोटिफर, आणि ते दोन्ही हाताला बसले की मगच अंडी. पुढे आर्टेमियाची नुकती उबलेली पिल्ले द्यावीत. दहा-पंधरा दिवसांत अंगावर पांढरे पट्टे उमटू लागले की जीव तगला असे समजावे. ज्यांनी ही वैरण आधी केली नाही, त्यांची पिल्ले पहिल्याच आठवड्यात उपाशी मरतात.

पाण्याचेही सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नुसते खाण्याचे मीठ घालून ते पाणी होत नाही. कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात खाडीचे पाणी आणू नये, ते गोडे झालेले असते. पेटीतले पाणी उडाले, तर भर गोड्या पाण्याची घालावी. कारण पाणी उडते, क्षार मागेच राहतात. शिक्षकांनो, बाष्पीभवनाचा हा धडा फळ्यापेक्षा पेटीजवळ चांगला समजतो. आणि पेटी भरल्यावर मासा सोडण्याची घाई नको. माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे द्यावेत.

एक इशारा. समुद्रघोडा कितीही मोहक वाटला तरी तो आणू नये. २००१ पासून त्याला आणि प्रवाळालाही वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. जोकराला पेटीत समुद्रफूलही लागत नाही. कौलाचा आडोसा पुरतो.

पहिल्या खेपेला दहा पिल्ले जगली तरी पुष्कळ झाली. ती दुसऱ्या शाळेला द्या. तेवढे मासे तरी समुद्रातून धरून आणावे लागणार नाहीत.