सायलेन्सरमधला पांढरा धूर



पावसाळा लागला की बांदा, इन्सुली, दाणोली भागात गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडी पांढरो धूर सोडता हा." बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सायलेन्सर थंड असतो तोवर ती वाफ आतच गार होते, थेंब गळतात, आणि बाहेरच्या दमट हवेत ती पांढरी दिसते. गाडी थोडी चालून सायलेन्सर तापला की हा धूर विरतो. तो विरला तर विषय संपला. आंबोलीच्या गारठ्यात थोडी वाफ नंतरही दिसेल, तिलाही भिऊ नका.

इंजिन तापल्यावरही दाट धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर मात्र थांबा. तो वास कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा. इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. आतला जाळ, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देण्याचं काम त्याचं. गाडी एकदा जबर तापली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं, गॅस्केट जागा सोडतं आणि कूलंट सिलिंडरमध्ये शिरतो.

आपल्याकडे याची सुरुवात अनेकदा घाटात होते. दाणोली सोडली की आंबोलीची चढण. गाडी माणसांनी भरलेली, एसी चालू, कूलंट आधीच कमी. तापमानाचा काटा चढतो, तरी "वर पोचू, मग बघू" म्हणून गाडी रेटली जाते. कोणी तापल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओततो; त्यानं हेडला तडा जाऊ शकतो. अडचणीत साधं पाणी घातलंच, तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर घाला आणि घरी आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या, नाहीतर आत गंज आणि क्षार साचतात. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

संशय आला तर सकाळी, गार इंजिनावर, कूलंटच्या टाकीतल्या पातळीची खूण करून ठेवा. दोन-चार दिवसांत पातळी उतरली आणि जमिनीवर गळती नाही, तर बहुधा इंजिन पाणी खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस आहे का, तेही बघा. पण नुसत्या झाकणावर निकाल देऊ नका: बाजारापुरतीच फिरणाऱ्या चांगल्या गाडीतही पावसाळ्यात तिथं थोडी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधट असेल, तर मात्र गाडी चालू न करता गॅरेजला न्या. मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घेतल्याशिवाय हेड उघडायला होकार देऊ नका.

डिझेल गाडीचं थोडं वेगळं. धुरानं डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला, तर हीटर प्लग किंवा इंजेक्टर तपासायला सांगा. डिझेलमध्ये पाणी असलं तरी असाच धूर येतो.

आणि पुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं होतं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी चालते का, हे बघायला चावी फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी ओढूनच गॅरेजला न्या.

चतुर्थीला मुंबईहून ५०० किलोमीटरहून जास्त गाडी चालवत येणाऱ्या आपल्या माणसांना आजच फोन करून सांगा: निघण्याआधी गार इंजिनावर कूलंट बघा, आणि वाटेत काटा चढला तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा.