कॉम्प्युटर लावला की कोण कोण जागं होतं?

(संघाच्या मासिक सभेतील बोलण्याचा मजकूर)



कापूस वेचणीच्या दिवसांत एक ताई कर्जाचा उतारा घ्यायला ऑफिसात आल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी पाडून आल्या होत्या. मी कॉम्प्युटर लावला. पंधरा मिनिटं झाली तरी हिशोबाची फाईल उघडेना. त्यांची एसटी निघून गेली. जाताना म्हणाल्या, "काहून वो मॅडम, याले उठ्याले इतका येळ लागते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग सभेत नवीन कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला. पण पैसा तुमच्या गटांचा. म्हणून आधी कारण शोधलं.

कॉम्प्युटरमध्ये टाकलेले बरेच प्रोग्राम न विचारता स्वतःचं नाव एका यादीत घालून घेतात. बटण दाबलं की यादीतले सगळे एकदम उठतात. एकाच चुलीवर दहा जणींनी भांडी चढवली, तर कोणाचा स्वयंपाक लवकर होईल?

ही यादी तुम्हालाही पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये वर 'स्टार्टअप' दिसतं (दिसलं नाही तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा). विंडोज ११ मध्ये डावीकडे 'स्टार्टअप ॲप्स' असतं. ज्याच्यापुढे 'हाय' लिहिलंय, तो जास्त वेळ खातो. सकाळी सकाळी त्याचं काम नसेल, तर नावावर माऊसचं उजवं बटण दाबून 'डिसेबल' करा. घाबरू नका, प्रोग्राम पुसला जात नाही. लागेल तेव्हा उघडता येतो, आणि 'एनेबल' केलं की पहिल्यासारखं होतं. काय बंद केलं ते मात्र रजिस्टरात लिहा.

अँटिव्हायरसला हात लावू नका. जे नाव ओळखू येत नाही, ते आधी विचारा.

आमच्या यादीत एक वेगळंच नाव सापडलं. दुरुस्तीवेळी टाकलेला, दुसऱ्या गावातून आपला कॉम्प्युटर चालवता येणारा प्रोग्राम. काम संपलं, तो मात्र रोज चालू होत होता. आपल्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या आधारच्या, पासबुकाच्या प्रती आहेत, बायांनो! असा प्रोग्राम नुसता डिसेबल करून भागत नाही, कारण काही या यादीबाहेरूनही सुरू होतात. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'मधून तो 'अनइन्स्टॉल' करा.

एवढं करून आमचा कॉम्प्युटर तीन मिनिटांत उघडू लागला. नव्याचा विषय मागे पडला. तुमचा तरीही हळू चालला, तर नवीन घेण्याआधी एसएसडी बसवायला किती लागतील ते विचारा.

महिन्याला रोख मोजता, तशी ही यादीही तपासा. एकटीनं नको, दोघींनी मिळून. पुढच्या खेपेला त्या ताई आल्या, तेव्हा ती तीन बटणं मी त्यांनाच दाबायला लावली.