व्हॅनिलाचा वेल

आइस्क्रीम किंवा केक यांचा जो मंद, मधुर सुवास आज लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे, तो मुळांत एका वेलाच्या शेंगेचा, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ती शेंग धरावी म्हणून मळ्यांतील प्रत्येक फुलाला माणसाचा हात लागावा लागतो, हें तर फारच थोड्यांस ठाऊक असतें.

व्हॅनिला ही आमरीच्या कुळांतील वनस्पति होय. सह्याद्रीच्या रानांत फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना हें कूळ अपरिचित नाहीं. परंतु सीतेच्या वेणीचें रूप व्हॅनिलाला नाहीं. तिचें फूल फिकट हिरवट-पिवळें, चारचौघांत उठून न दिसणारें. वेलाचें खोड बोटाएवढें जाड व रसाळ, पानें लांबट, दळदार व चकचकीत. पेऱ्यापेऱ्याला मुळें फुटतात व त्यांच्या योगें वेल झाडाला बिलगून चढतो. तो बांडगूळ मात्र नव्हे. झाडाचा रस तो शोषीत नाहीं, आधार तेवढा घेतो.

मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील उष्ण, दमट अरण्यें हें याचें माहेर. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याकडील तोतोनाक लोक याची जोपासना करीत, आणि अझ्टेक लोक या शेंगा कोकोच्या पेयांत घालीत. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं त्या युरोपांत नेल्या. पुढें वेलही देशोदेशीं गेला. पण माहेर सुटल्यावर तो वाढे, फुले आणि वांझ राही. याचें कारण फुलाच्या रचनेंत आहे. पराग व ते झेलणारा चिकट भाग हे दोन्ही एकाच फुलांत अगदीं जवळ असतात, पण त्यांच्यामध्यें एक इवलासा पडदा असतो. फूल सकाळीं उमलतें आणि दुपारनंतर कोमेजतें. तेवढ्या अवधींत पराग पलीकडे पोंचले नाहींत, तर तें गळून पडतें. माहेरच्या रानांत कांहीं मधमाशा हें काम करितात, तेंही क्वचितच. परदेशीं त्या माशा कोठल्या?

१८३६ सालीं बेल्जममधील लिएज येथें शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें काचगृहांत हातानें परागसिंचन करून शेंगा धरविल्या. तथापि त्याची रीत मळ्यांत रुजली नाहीं. ती अडचण दूर केली एका बारा वर्षांच्या गुलाम मुलानें.

हिंदी महासागरांतील रियुनियन बेट तेव्हां फ्रेंचांच्या ताब्यांत होतें व आजही तो फ्रान्सचाच भाग आहे. तेथें सँत-स्यूझान येथील फेरेओल बेलिए-बोमों या मळेवाल्याच्या पदरीं एदमों नांवाचा मुलगा होता. आई त्याच्या जन्माच्या वेळींच वारलेली; गुलाम म्हणून आडनांव नाहीं, शाळा नाहीं. धनी त्याला बागेंतून बरोबर हिंडवी. भोपळ्याच्या जातीच्या एका वेलाचें नरफूल मादीफुलाला कसें लावावें, हें त्यानें मुलाला दाखविलें होतें. १८४१ सालीं अनेक वर्षें वांझ राहिलेल्या व्हॅनिलाच्या वेलावर धन्याला शेंगा दिसल्या. त्या आपण धरविल्या, असें एदमों म्हणाला. धन्याचा विश्वास बसेना. तेव्हां मुलानें एक बारीक काडी घेतली, मधला पडदा तिनें वर उचलला आणि अंगठ्यानें पराग हळूच पलीकडे दाबले. सारें काम क्षणाचें!

मग मळ्यामळ्यांतून एदमोंला बोलावणीं येऊं लागलीं. बेट श्रीमंत होऊं लागलें. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञानें पुढें शोधाचें श्रेय आपल्याकडे ओढलें. तेव्हां खरें श्रेय एदमोंचें, असें त्याच्या जुन्या धन्यानें लिहून ठेविलें, ही गोष्ट त्या धन्याला शोभा देणारी आहे. १८४८ सालीं गुलामगिरी रद्द झाली व मुलाला आल्बियुस हें आडनांव मिळालें. पैसा मात्र मिळाला नाहीं. चोरीच्या आरोपावरून तो तुरुंगांत गेला. त्याच्या शोधाची आठवण देऊन रदबदली झाली, तेव्हां शिक्षा कमी झाली. १८८० सालीं तो दारिद्र्यांतच वारला. आज जगांतील सर्वांत मोठें पीक मादागास्करचें. तेथेंही त्याचीच रीत चालते.

लागवड कांड्यांनीं होते. हातभर किंवा त्याहून लांब कांडें पांगारा, गिरिपुष्प अशा झाडाच्या बुंध्याशीं लावावें; भुसभुशीत माती, पालापाचोळ्याचें आच्छादन, ऊनसावली आणि दमट हवा असावी. मुळें वरवरच असतात, म्हणून बुंध्याशीं कुदळ चालवूं नये. वेल हाताच्या टप्प्यांत राहावा म्हणून त्याला वळवून खालीं सोडावें लागतें. तिसऱ्या वर्षापासून फुलें येतात. घोसांत दररोज एखाददुसरेंच फूल उमलतें. सगळींच फळवूं नयेत, वेल थकतो. शेंग पक्व होण्यास आठ-नऊ महिने लागतात.

एवढें होऊनही हिरव्या शेंगेला सुवास नसतो! ती कढत, पण न उकळणाऱ्या पाण्यांत तीनएक मिनिटें बुडवितात, लोंकरीच्या कांबळ्यांत गुंडाळून घाम आणवितात, कांहीं दिवस थोडा वेळ उन्हांत ठेवून पुन्हां गुंडाळतात, सावलींत वाळवितात आणि मग पेट्यांत महिनोन्महिने मुरवितात. तेव्हां ती काळसर, मऊ व सुवासिक होते. पांच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो होते. मादागास्करांत चोरांच्या भयानें शेतकरी कोंवळ्या शेंगांवर टाचण्यांनीं आपली खूण टोंचून ठेवितात.

१८७४ सालीं जर्मनींत टीमान व हारमान यांनीं या सुवासाचें मुख्य द्रव्य, व्हॅनिलीन, कृत्रिम रीतीनें तयार केलें, आणि बाजारांतील बहुतेक सुवास आज त्याच जातीचा असतो. अस्सल शेंगेचा भाव त्यामुळें लहरी बनला आहे. २००० सालच्या वादळानें मादागास्करचें पीक बुडालें, भाव कडाडले आणि कर्नाटक-केरळांतील शेतकऱ्यांनीं घाईघाईनें वेल लावले. २००५ च्या सुमारास भाव कोसळले व अनेकांनीं ते उपटून टाकिले. सुपारीच्या बागेंत चार वेल लावून पाहावयास हरकत नाहीं. मात्र फुलांच्या हंगामांत रोज सकाळीं बागेंत जाणारें, हलक्या हाताचें एक माणूस घरांत पाहिजे.