गव्हावरचा रोग आणि शास्त्रज्ञांचा जगभरचा बांध
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पिकावर नवा रोग दिसला की आपण शेजाऱ्याला बांधावर बोलावतो. 'हे मी पूर्वी पाहिले आहे' असे म्हणणारा भेटला की निम्मे काम होते. शास्त्रज्ञही तेच करतात. इंटरनेटमुळे त्यांचा बांध आता जगभर पसरला आहे. एक उदाहरण सांगतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशात सुमारे १५,००० हेक्टरवरील गव्हाच्या ओंब्या दाणे भरण्यापूर्वीच पांढऱ्या पडल्या. हा ब्लास्ट रोग होता. तो १९८५ मध्ये प्रथम ब्राझीलमध्ये आढळला होता. आशियात तो पूर्वी कधी दिसला नव्हता. भातावरील करपाही याच जातीच्या बुरशीमुळे येतो. म्हणून प्रश्न असा पडला की, तिथल्या भातावरची बुरशी गव्हावर आली, की रोग बाहेरून आला? उत्तरावर पुढचे सारे उपाय अवलंबून होते.

गाझीपूर येथील कृषी विद्यापीठातील डॉ. तोफज्जल इस्लाम यांनी रोगट पानांचे नमुने गोळा केले. इंग्लंडमधील नॉर्विच येथील डॉ. सोफियन कमून आणि सहकाऱ्यांनी त्यांतील बुरशीची आनुवंशिक माहिती काढली. एरवी अशी माहिती लेख छापून येईपर्यंत कपाटात राहते. या मंडळींनी ती लगेच इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आणि ट्विटरवरून जगभरच्या शास्त्रज्ञांना मदतीचे आवाहन केले. काही आठवड्यांतच ही बुरशी दक्षिण अमेरिकेतील गव्हावरच्या बुरशीच्या कुळातली असल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

रोगाचे कूळ कळल्यामुळे त्याला तोंड देणारे वाण कोठे शोधावेत हेही कळले. २०१७ मध्ये बांगलादेशाने 'बारी गोम ३३' हा प्रतिकारक्षम वाण प्रसारित केला. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या नदिया व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत त्या सुमारास गहू पेरण्यास बंदी घालावी लागली होती.

बंधूंनो, या कामाची सुरुवात शेतातल्या एका पानापासून झाली. तेव्हा नवे लक्षण दिसल्यास आपणही पुढील काळजी घ्यावी:

१. पूर्ण झाडाचा व रोगट भागाचा जवळून, असे दोन्ही फोटो दिवसाच्या उजेडात काढावेत.
२. सोबत गाव, तारीख, वाण, पेरणीची तारीख, बियाणे कोठून आणले व कोणती फवारणी केली हे लिहावे. नुसत्या फोटोवरून निदान होत नाही.
३. ही माहिती कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाकडे पाठवावी.
४. रोगट शेतातले बियाणे कोणालाही देऊ नये. ब्लास्ट रोग बियाण्यातूनही पसरतो.

व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला फवारणीचा सल्ला मात्र खात्री केल्याशिवाय वापरू नये. शास्त्रज्ञ माहिती खुली करतात ती दुसऱ्याने तपासावी म्हणून. आपणही तपासूनच विश्वास ठेवावा.